उपाशी पेशींचं पारणं

द्वादशीच्या सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी बालाजीरावांनी तीन बशांतल्या पेशींना जेवायला घातलं आणि एकतीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीला पहिला डाग लावून घेतला. हे त्यांना तेव्हा कळलं नाही. तेव्हा त्यांना फक्त फार बरं वाटलं.

चेन्नईत पेरुंगुडीच्या एका संशोधन संस्थेत बालाजीराव अटेंडंट होते. काचेसारख्या पारदर्शक बशांत, गुलाबी पाण्याखाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी वाढायच्या, आणि दर दोन दिवसांनी जुनं पाणी काढून नवं घालायचं हे त्यांचं काम. याला तिथे सगळेच ‘खाऊ घालणं’ म्हणत. या पाण्यात वासराच्या रक्तातला द्रव असे. घरी वेस्ट मांबलमला बायकोला, सकवारबाईंना, मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून ‘कांजी’, म्हणजे भाताची पेज, असं सांगितलं होतं. तंजावरच्या मराठी घरातल्या माणसाने एवढं सोवळं तरी सांभाळायलाच हवं. त्यांच्या हातची एकही बशी कधी भुकेने मेली नव्हती आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

घोटाळा झाला तो विद्युलता मॅडममुळे, किंवा त्यांच्या चिठ्ठीमुळे. विद्युलता अकोल्याची. चेन्नईत येऊन तिला तीन वर्षं झाली होती. एक पेशी दुसरीला निरोप कसा पाठवते, हा तिचा विषय. निरोप पोचला की दुसरी पेशी हिरवी उजळे, अशी व्यवस्था तिने केली होती. पण पाण्यातल्या त्या वासराच्या द्रवात आधीच शंभर प्रकारचे निरोप मिसळलेले असतात. त्या गलक्यात आपला एक निरोप ऐकू यावा म्हणून प्रयोगाआधी सोळा तास पेशींना त्या द्रवाशिवाय नुसत्या गुलाबी पाण्यावर, म्हणजे उपाशी, ठेवावं लागे. ही नवी पद्धत तिने सरांना समजावली होती, विद्यार्थ्यांना समजावली होती, पाहुण्यांना तर चित्रं काढून समजावली होती. बालाजीरावांना समजावायची राहिली होती.

प्रयोगशाळेतली मुलं येताजाता कुठेही हात घालत. म्हणून विद्युलता आपल्या बशांवर मराठीत चिठ्ठ्या लावी. एकाला वाचता येईल तर शपथ, असं ती म्हणायची. त्या एकादशीला दुपारी चार वाजता तिने सहा बशा इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. वर चिठ्ठी लावली: ‘उपाशी. १६ तास.’ तीन बशांवर लिहिलं ‘निरोप’, उरलेल्या तिन्हींवर ‘निरोप नाही’. दुसऱ्या दिवशी एका गटाला निरोप द्यायचा, दुसऱ्याला नाही, आणि फरक पाहायचा. बालाजीरावांना वडिलांनी पोथी वाचायला शिकवली होती. साऱ्या इमारतीत ती चिठ्ठी वाचू शकणारा दुसरा माणूस म्हणजे तेच.

एकादशीचा निर्जळ उपास त्यांनाही होता. द्वादशीला पहाटे अगत्ती कीरैच्या भाजीने पारणं करून ते सातलाच कामावर आले. इन्क्युबेटर उघडलं तर आत सहा जीव उपाशी. त्यांनी बोटांवर मोजलं. चारपासून चार म्हणजे बारा, आणि आणखी चार, आठ वाजता सोळा तास पुरे. पंचांगाप्रमाणे पारण्याची वेळ सव्वाआठला टळत होती आणि मॅडमचा पत्ता नव्हता. बाटलीत खाणं तिघांपुरतंच होतं, नवी बाटली काढायला सही लागे. मग तीन कोणत्या? बालाजीरावांनी फार विचार केला नाही. ज्यांना निरोपसुद्धा येणार नाही, त्यांना निदान जेवण तरी मिळावं, असं त्यांना वाटलं. तीन बशांना त्यांनी दोन-दोन मिली पोटभर वाढलं, वहीत वेळेसकट नोंद केली, आणि हात धुऊन कॉफी प्यायला गेले.

साडेनऊला विद्युलता आली, आपल्या तीन बशांना निरोप देऊन निघून गेली. दुपारी चारला तिची हाक आली.

“बालाजीराव, इकडे या. बघा यात.”

त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. काळोखात हिरवे ठिपकेच ठिपके दिसत होते.

“बरं आहे कीं, अम्मा,” ते म्हणाले. चौतिसाव्या वर्षी अम्मा म्हणवून घेणं तिला पहिल्यांदा जड गेलं होतं, आता सवय झाली होती.

“बरं नाही, हे अशक्य आहे. या बशांना मी निरोप दिलाच नव्हता. खाणं नाही, निरोप नाही, तरी उजळल्या. म्हणजे शेजारच्या बशांतला निरोप हवेतून यांच्यापर्यंत आला. कळतंय का तुम्हाला, काय झालंय?”

बालाजीरावांना कळलं. ‘खाणं नाही’ हे शब्द ऐकताच ते मायक्रोस्कोपपासून मागे सरले.

“अम्मा, एक बोलायचं होतं. सकाळीं मीं काय केलों म्हणजे—”

“आज नको. आज मला कोणी काही बोलू नका,” विद्युलता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि एका हाताने ती कृष्णकांत सरांना फोन लावत होती.

कृष्णकांत सर विभागाचे प्रमुख. ते मूळचे सावध, पण निवृत्तीला आलेले, आणि निवृत्तीआधी एखादी मोठी गोष्ट आपल्या विभागात घडावी अशी त्यांची जुनी इच्छा. वायूच्या रूपात निरोप जातात हे जगाला ठाऊकच आहे, ते म्हणाले, पण बशीतून बशीत म्हणजे नवलच. आणि त्यांनी त्याच संध्याकाळी समितीला कळवून टाकलं. ही समिती तीन आठवड्यांनी बसणार होती. विद्युलताच्या नोकरीची मुदत महिनाअखेर संपत होती. समितीने मान डोलावली तर आणखी तीन वर्षं, नाही तर बॅग भरून अकोला.

बालाजीरावांना हे सगळं माहीत होतं. सांगावं तर मुलीची नोकरी जाते, न सांगावं तर खोट्यावर इमला उभा राहतो. मग त्यांनी मधला मार्ग काढला, भित्रा माणूस काढतो तसा. वहीत नोंद आहेच. शनिवारी मॅडम वहीवर सही करतात. वाचतील, त्यांना आपोआप कळेल, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही.

शनिवारी त्यांनी वही नेमकी त्या पानावर उघडून तिच्यापुढे ठेवली, पेनाचं टोक नेमकं त्या ओळीवर. विद्युलताने फोनवर बोलता बोलता अर्ध्या मिनिटात अकरा सह्या केल्या.

“पेन अडतंय हो, बदलून टाका,” ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी त्यांनी त्या जुन्या ओळीखाली लाल पेन्सिलीने दोन रेघा मारून वही पुन्हा पुढे केली. “किती नीटनेटके आहात तुम्ही,” असं म्हणून तिने त्या रेघांखालीही सही केली.

मधल्या काळात विद्युलताने प्रयोग पुन्हा केला. काही उजळलं नाही. आणखी तीनदा केला. निरोप दिलेल्या बशा उजळत, न दिलेल्या शहाण्यासारख्या काळ्या राहत. आता मॅडमची चिठ्ठी दिसली की बालाजीराव इन्क्युबेटरला हातही लावत नसत. विद्युलताची झोप उडाली. एकदा घडलं ते घडलंच, मग त्या दिवशी वेगळं काय होतं, हा एकच ध्यास तिने घेतला. त्या दिवशी वारा दलदलीच्या बाजूचा होता, तिथल्या कचऱ्याच्या ढिगांचा वास आत आला होता, असं कोणी म्हणालं. तिने दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या. मुलं नाकाला रुमाल लावून बसली, पेशींवर परिणाम शून्य.

“बालाजीराव, तुम्ही सकाळी पहिले येता,” ती एकदा म्हणाली. “नीट आठवा. त्या दिवशी वेगळं काय होतं?”

आली वेळ, असं बालाजीरावांना वाटलं. “द्वादशी होती, अम्मा. पारणं होतें.”

“म्हणजे तुम्ही काय खाल्लं होतं?”

“मीं अगत्ती कीरै खाल्लों. ती गोष्ट नव्हे, अम्मा. मीं खाल्लों, मग इथें येऊन—”

“कसली पानं?”

“तुमच्याकडे हादगा म्हणतात तें.”

विद्युलता विचारात पडली. पानाचा वास म्हणजे वायूच की. दुसऱ्या दिवशी बालाजीरावांनी वेस्ट मांबलमच्या बाजारातून दोन जुड्या आणल्या, आणि एका थोर शोधाच्या सेवेसाठी इन्क्युबेटरशेजारी निवडून ठेवल्या. पानं निवडताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की देठं खाली पडली तरी दिसली नाहीत.

घरी त्यांनी सकवारबाईंना सगळं सांगितलं. बाईंना एवढंच कळलं की कोणीतरी उपाशी होतं आणि नवऱ्याने खायला घातलं.

“अस्की, सगळींच, उपाशी ठेवलीं तें पाप त्या पोरीचें. तुम्ही कांजी घातलीं, पुण्य झालें. रडतां कां मग?”

“उपाशी ठेवणेंच काम होतें गो तें.”

“असलें काम कां करतात मग?” सकवारबाईंनी विचारलं.

समितीच्या दिवशी सकाळी ते पावणेदहाला विद्युलताच्या खोलीबाहेर उभे राहिले. ती चांगली साडी नेसून आली होती आणि पडद्यावर दाखवायची चित्रं शेवटची पाहत होती. पहिलंच चित्र त्या तीन बशांचं होतं. या वेळी तिने ‘नंतर’ म्हणायच्या आत बालाजीराव बोलले. एका दमात बोलले, मध्ये श्वासही घेतला नाही, कारण घेतला असता तर पुढचं आलं नसतं.

विद्युलताने ते तीन बशांचं चित्र मोठं करून पाहिलं.

“किती घातलंत?”

“दोन-दोन मिली, अम्मा.”

“आणि नोंद?”

“केलों होतों. खालीं तुमची सही आहे. दोनदां.”

ती रागावली असती तर बालाजीरावांना हलकं वाटलं असतं. तिने फक्त डोळे मिटले, मग ते पहिलं चित्र पुसलं आणि संगणक काखेत मारून समितीच्या खोलीत गेली. दार काचेचं होतं आणि नीट लागत नसे, त्यामुळे बाहेर उभ्या असलेल्या बालाजीरावांना सगळं ऐकू आलं.

“हवेतून निरोप वगैरे काही नाही,” विद्युलता सांगत होती. “त्या बशांना चुकून खाणं गेलं होतं. माझी चूक आहे. नोंद माझ्यासमोर होती, मी न वाचता सही केली.”

“चुकून म्हणजे कोणाकडून?” समितीच्या अध्यक्ष रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

“प्रयोग माझा होता,” विद्युलता म्हणाली. “माझ्याकडूनच म्हणा.”

कृष्णकांत सर टेबलाच्या एका टोकाला बसले होते. ते आपल्या कपात पाहत होते.

बालाजीरावांना ते सहन झालं नाही. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते, हारतुरे व्हायचे होते, भाषण व्हायचं होतं. हे सगळं गेलं तरी चालेल, पण या पोरीने आपलं ओझं उचलू नये, असं त्यांना मनापासून वाटलं. ‘खाणें मीं घातलों’ एवढं एकच वाक्य त्यांनी मनात तीनदा म्हणून पाहिलं आणि दार ढकललं.

सहा चेहरे त्यांच्याकडे वळले. एकतीस वर्षांत ते या खोलीत ट्रेशिवाय कधी आले नव्हते.

“हां, बालाजीराव,” सर मान वर न करता म्हणाले, “नेऊन टाका ते.”

आणि बालाजीरावांचे हात, त्यांना न विचारता, कप गोळा करू लागले. पहिला कप उचलताना वाक्य ओठांवर होतं. तिसऱ्याला ते घशात गेलं. विद्युलताच्या कपात कॉफी तशीच थंड झालेली होती. सहावा कप उचलला तेव्हा रत्नप्रभाबाई अगदी प्रेमाने तमिळमध्ये “नंद्री”, म्हणजे आभार, म्हणाल्या, आणि ते सहाही कप छातीशी धरून बाहेर आले.

समितीने तीन वर्षं दिली नाहीत. खरं बोलल्याबद्दल कौतुक केलं आणि सहा महिने दिले, नवी जागा शोधायला. दुपारी बालाजीराव बेसिनवर कप विसळत होते. तेच कप, दुसऱ्यांदा. विद्युलता येऊन शेजारी उभी राहिली. तिच्या हातात फोन नव्हता, घाई नव्हती. नळ चालू होता तो तिने बंद केला, आणि ती त्यांच्या तोंडाकडे पाहत त्यांचं ऐकायला थांबली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

“बालाजीराव, मघाशी आत तुम्ही काय सांगायला आला होतात?”

बालाजीरावांनी कप पुसला, उलटा ठेवला, मग पुन्हा उचलून पुसला.

“कांहीं नाहीं, अम्मा,” ते म्हणाले. “कप न्यायला आलों होतों.”