बाबांच्या बंदुकीवर ओरसोला

दरवर्षीप्रमाणे ओरसोला बारा दिवसांसाठी बोआरिओला झऱ्याचं पाणी प्यायला निघाली. दारात पिशवी ठेवून तिने नवऱ्याला दोन गोष्टी सांगितल्या. पातेल्यातलं सूप बुधवारपर्यंत संपव, आणि मी परत येईन त्या शनिवारी दुपारी मिलानोचे मेल्झीसाहेब बाबांची बंदूक बघायला येतील.

"चार हजार युरो म्हणालेत," ती म्हणाली. "फोटो बघून. प्रत्यक्ष बघितली की पक्कं करतील."

"चार हजारांत काय होईल?" बोर्तोलोने विचारलं.

"माझं अर्जेंटिनाचं तिकीट, तिथला तीन महिन्यांचा खर्च, एर्मिनियाच्या नातवंडांना काहीबाही. बास."

बोर्तोलोने मान हलवली. तिने फक्त स्वतःचं तिकीट मोजलं होतं, हे त्याच्या लक्षात आलं. पण "मला पण ने" असं म्हणायची त्याला सवय नव्हती. पंचावन्न वर्षांच्या संसारात त्याने बायकोकडे मीठसुद्धा बोटाने दाखवूनच मागितलं होतं.

एर्मिनिया ही ओरसोलाची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी लग्न करून बोटीने गेली, त्याला साठ वर्षं झाली. एवढ्या काळात दोघींची भेट नाही. पैसा नव्हता हे एक कारण, आणि दुसरं त्याहून भक्कम. एर्मिनिया म्हणायची, "समुद्र मी एकदा ओलांडलाय, आता तुझी पाळी." ओरसोला म्हणायची, "जी गेली तिने परत यावं." दर रविवारी फोनवर हे एकदा व्हायचं आणि मग हवापाण्याच्या गप्पा सुरू व्हायच्या. या हिवाळ्यात एर्मिनियाला ब्याऐंशी पूर्ण झाली आणि ओरसोलानेच माघार घेतली. अजून फोनवर तसं सांगितलं नव्हतं, एवढंच.

बायको गेल्यावर बोर्तोलोने सासऱ्याची बंदूक कपाटातून काढून टेबलावर ठेवली. दोन नळ्यांची, अक्रोडाच्या दस्त्याची. युद्धात बंद पडलेल्या एका छोट्या कारखान्याची. आणि कोरी. दोन्ही बाजूंच्या पोलादी पाट्यांवर एक रेघ नाही. गार्दोनेसारख्या बंदुका घडवणाऱ्या गावात राहणाऱ्या माणसाच्या घरी कोरी बंदूक असावी, याचं त्याला लग्नापासून वाईट वाटत आलं होतं. आपल्या गावात कोऱ्या पोलादाकडे लोक उघड्या डोक्याने चर्चमध्ये शिरलेल्या म्हातारीकडे बघावं तसे बघतात.

बोर्तोलोने सत्तेचाळीस वर्षं बंदुकांवर नक्षी कोरली होती. कोरी बंदूक कारखान्यातून पाच हजाराला निघाली, तर त्याच्या वेलबुट्टीनंतर तीच पंधराला जायची. हा हिशोब त्याने आयुष्यभर डोळ्यांनी पाहिला होता. म्हणजे चार हजाराचे बारा होणार. बारात दोन तिकिटं आरामात बसत होती. मग "मला पण ने" म्हणायची गरजच उरत नव्हती.

सोमवारी तो पूर्वी काम करायचा त्या कारखान्याच्या भट्टीवर गेला. जुनं पोलाद वरून काचेसारखं कडक असतं, त्यावर कोरणी चालत नाही, म्हणून पाट्या आधी तापवून मऊ कराव्या लागल्या. त्यांच्यावरची निळसर, मधाळ रंगाची झाक त्यात उडाली. पाट्या राखाडी झाल्या. "आता स्वच्छ दिसतायत," बोर्तोलो समाधानाने म्हणाला.

बुधवारपर्यंत डाव्या पाटीवर वेल चढली. हात अजून थरथरत नव्हता. गुरुवारी त्याचा मित्र सिल्वेस्त्रो कॉफी प्यायला आला. सिल्वेस्त्रो प्राणी-पक्षी कोरणारा. पानाफुलांच्या कामाला तो किनार म्हणायचा.

त्याने भिंग लावून पाटी बघितली. "किनार छान झालीय. चित्र कुठाय?"

"चित्र नाही. नुसती वेल."

"शिकारीची बंदूक आहे की पडद्याचं कापड?"

"तू कॉफी पी."

सिल्वेस्त्रोने कॉफी प्यायली आणि उजवी पाटी घरी नेली. शनिवारी ती परत आली तेव्हा तिच्यावर एक तितर उडत होतं. एकेक पीस मोजता येईल असं. बोर्तोलो बराच वेळ बघत राहिला.

"तितर चांगलंय," तो नाइलाजाने म्हणाला. "पण घाबरून उडतंय. कशाला घाबरलं? कुत्रं कुठाय?"

सिल्वेस्त्रोला हे पटलं. कुत्रं पाटीवर मावेना, म्हणून ते चापाभोवतीच्या कडीवर गेलं. कुत्र्यासमोर गवत हवं. गवत आल्यावर मागचा डोंगर हवा. डोंगर नळ्यांच्या बुडापर्यंत गेला. मंगळवारी रस्त्यापलीकडचा जोव्हीता आला, अक्षरं कोरणारा. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण गावात तीन दिवस एकाच घरात दिवा जळत असेल तर कारागिरांना वास लागतो. त्याने दोन नळ्यांमधल्या पट्टीवर ओरसोलाच्या वडिलांचं नाव घातलं, सोन्याच्या तारेत.

"सोनं कुठलं?" बोर्तोलोने विचारलं.

"माझ्या दाताचं उरलेलं. राहू दे."

आता बंदुकीच्या पोटाखाली बोटभर लांब आणि दोन बोटं रुंद अशी एकच जागा कोरी राहिली. तिघे तिच्याकडे बघत बसले. भिंतीवर एक जुना फोटो होता, दोन बहिणी चेस्टनटच्या टोपलीजवळ उभ्या, ओरसोला अठरा वर्षांची. सिल्वेस्त्रो उठून फोटोजवळ गेला.

"दोघी मावणार नाहीत," तो म्हणाला.

"तिचीच बंदूक आहे," बोर्तोलो म्हणाला. "तिलाच कोर."

शुक्रवारी रात्री बंदूक जोडून तयार झाली. तिघांनाही माहीत होतं, असं काम आता आपल्याकडून पुन्हा होणार नाही.

शनिवारी ओरसोला आली आणि तिच्या मागोमाग मेल्झीसाहेब. त्यामुळे बायकोने आणि गिऱ्हाइकाने बंदूक एकदमच बघितली. ओरसोला खुर्चीवर बसली. साहेबांनी टोपी काढली, भिंग लावलं, बंदूक उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली.

"हे कोणी केलं?"

"आम्ही तिघांनी," बोर्तोलो म्हणाला.

"या वर्षी मी बघितलेलं सगळ्यात सुंदर काम आहे." साहेबांनी भिंग खिशात ठेवलं. "बाराशे."

"बारा हजार," बोर्तोलोने समजावलं.

"बाराशे."

साहेब भला माणूस होता. बसला आणि शांतपणे सांगू लागला. "आजोबा, नव्या बंदुकीवर नक्षी केली की किंमत चढते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण जुनी बंदूक घेणारा माणूस वेगळा. तो नक्षी विकत घेत नाही, तो कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली बंदूक घेतो. या कारखान्याच्या कोऱ्या बंदुका आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. ही त्यातली एक होती. तुम्ही जो रंग जाळलात ना, त्याचेच मी चार हजार देणार होतो."

"तो रंग?" बोर्तोलो पुटपुटला. "तो तर डाग होता."

"आणि दुसरं," साहेब जरा संकोचाने म्हणाले, "बाराशेलासुद्धा गिऱ्हाईक असं शोधावं लागेल की ज्याला बंदुकीच्या पोटावर अनोळखी बाई चालेल."

ओरसोला आता पहिल्यांदा बोलली. "दाखवा इकडे."

तिने बंदूक मांडीवर घेऊन पोटाकडे वळवली. अठरा वर्षांची मुलगी तिच्याकडे बघून हसत होती, केस वाऱ्यावर.

"विकायची नाही," ती म्हणाली. "माझं तोंड मी बाराशेला देणार नाही."

साहेब कॉफी पिऊन गेले. मग मात्र ओरसोलाने आवाज चढवला.

"बारा दिवस. बारा दिवस मी नव्हते घरात, आणि बहिणीची भेट गेली माझ्या हातची. कशासाठी केलंस हे?"

बोर्तोलो टेबलाकडे बघत म्हणाला, "दुसऱ्या तिकिटासाठी."

"कोणाच्या?"

त्याने बोटाने स्वतःकडे दाखवलं. ओरसोलाने त्याच्याकडे बघितलं, आणि तिचा आवाज निम्म्यावर आला. "तोंड आहे ना माणसाला? विचारायचं होतंस. स्वस्तातलं बघितलं असतं, दोघांचं."

पण आता स्वस्तातलंही येणार नव्हतं. रविवारी फोनची वेळ झाली तेव्हा तिला बहिणीला काय सांगावं कळेना. शेवटी तिने सगळंच सांगितलं. येणार होते, गुपचूप ठरवलं होतं, आता जमणार नाही, आणि माझ्या नवऱ्याने काय केलंय ते तूच बघ. शेजारच्या मुलीकडून तिने बंदुकीचे फोटो पाठवले.

मग एर्मिनियाचा आवाज आला, नातवाच्या फोनमधून, खणखणीत. बोर्तोलोलाही ऐकू जाईल इतका.

"हे चेस्टनटच्या टोपलीजवळच्या फोटोतलं आहे ना?"

"हो."

"त्या फोटोत मी होते."

"जागा नव्हती म्हणे, एर्मिनिया."

"बाबांची बंदूक. अर्धी माझी. आणि त्यावर तू एकटी?" पलीकडे कोणाशी तरी स्पॅनिशमध्ये भांडण झालं. "तुझ्या नवऱ्याला सांग, हत्यारं परत पेटीत घालू नकोस. नातू तिकीट बघतोय. मी समोर बसेन आणि माझ्यादेखत मला कोरायचं. फोटोबिटो नाही चालणार."

"अगं, समुद्र..."

"समुद्र राहू दे. मी विमानाने येतेय."

फोन बंद झाला. ओरसोला हातातल्या फोनकडे बघत राहिली. साठ वर्षांचं भांडण दोन मिनिटांत निकाली निघालं होतं, आणि तिला त्यात एक शब्दही बोलायला मिळाला नव्हता.

बोर्तोलोने बंदूक उचलून खिडकीपाशी नेली आणि तो जागा शोधू लागला. वेल, तितर, कुत्रं, गवत, डोंगर, सोनं. शेवटी नळ्या उघडायच्या खटक्यावर त्याला नखाएवढी कोरी जागा सापडली.

"इथे बसेल," तो म्हणाला. "बारीक काम आहे. बाविशीतली करतो, तू अठराची आहेस तर शोभेल."

ओरसोला पाहुण्यांच्या खोलीची चादर काढायला निघाली होती. ती दारात थांबली.

"समोर बसणार आहे ना ती?" ती म्हणाली. "मग जशी दिसेल तशीच कोर. ब्याऐंशीची."