मनकर्णाचं 'पूर्वी'चं घर आणि 'आता'चं घर

केडगावच्या मनकर्णाने बचत गटाच्या दहा हजारांच्या कर्जावर हाताने फिरवायचं शेवयांचं मशीन घेतलं आणि दीड वर्षात कर्ज फेडलंसुद्धा! आता तिला विजेवरचं मोठं मशीन हवं होतं. त्यासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या ओंकारसाहेबांना फक्त दोन फोटो हवे होते. कर्जापूर्वीचं घर आणि कर्जानंतरचं घर.

"त्यात काय साहेब, जुनं-नवं दोनी घरं दावते, या तुमी!" तिने फोनवर छातीठोकपणे सांगितलं.

पण पूर्वीचं घर आणायचं कुठून? घरात नवी फरशी, कोपऱ्यात फ्रिज! तिची नजर शेजारच्या रतनबाईंच्या घरावर गेली. भिंतीचे पोपडे, वाकडं दार, अगदी हवं तसं!

"मावशी, परवा साहेब येनार हायत. तुमच्या घराचा फोटो काढू द्या."

"माज्या घराचा? काढ की गं बाई!" म्हातारी हरखूनच गेली. कशासाठी ते तिने विचारलं नाही आणि मनकर्णाने शहाणपणा करून सांगितलंही नाही.

झालं! फोटो म्हटल्यावर रतनबाईंनी भिंतींना रंग मारला, भाच्याचा टीव्ही आणून मांडला आणि पैठणी नेसून खुर्चीत बसल्या.

इकडे मनकर्णाकडे नागापूरच्या लग्नाची वीस किलोंची ऑर्डर, शेजारी डोकवायलाही सवड नाही! खाटेवर शेवया, दोरीवर शेवया, शेवयांच्या पडद्यांआड फ्रिज गडप, फरशीवर पीठच पीठ! नवरा गोरक्ष उघड्या अंगाने मशीनचा दांडा फिरवून घामाघूम झाला होता.

"अगं, साहेब आलं!"

"आत्ता गं बया! तुमी घरं दाखवा, मी तोंड धुऊन आले!" मनकर्णा न्हाणीत पळाली.

गोरक्षने दांडा न सोडताच दाखवलं, "ह्ये एक घर साहेब, आन त्ये शेजारचं दुसरं. काढा फोटो!"

मनकर्णा नवी साडी नेसून बाहेर येते तो साहेब गाडीवर बसलेले. "ताई, असा बदल अख्ख्या जिल्ह्यात पाहिला नाही!" मनकर्णाला आभाळ ठेंगणं झालं.

आठ दिवसांनी कर्जवाटपाच्या कार्यक्रमात भलंमोठं पोस्टर लागलं. डावीकडे 'पूर्वी', त्यात तिचंच घर आणि उघडाबंब गोरक्ष! उजवीकडे 'आता', त्यात टीव्हीशेजारी पैठणीतल्या रतनबाई. खाली लिहिलं होतं, 'सुखी सासूबाई'!

"अवो, ह्ये उलटं..." मनकर्णा उठली. गोरक्षने तिला खाली ओढलं. "गप! आदी कर्जाचा कागद हातात पडू दे!"

कागद हातात पडला. तेवढ्यात साहेबांनी माईकवरून जाहीर केलं, "येत्या सोमवारी राहात्याच्या पन्नास भगिनी यांचं 'आता'चं घर पाहायला येतील!"

शनिवारी मोठं मशीन दारात उतरलं. मनकर्णाने हळदीकुंकू वाहिलं. तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं. मागून रतनबाई आल्या, मशीनवर हात फिरवत म्हणाल्या, "झ्याक हाय! सोमवारच्याला माज्या घरात लाव. आन तू सून हायस न्हवं? डोक्यावर पदर घे, पन्नास जनींचा च्या करायला येळंवर ये!"

मनकर्णा गेली आणि दूधवाल्याला सोमवारचं सहा लिटर जास्तीचं दूध सांगून आली.