सहा फूट, दीडशे किलो

तुम्हाला म्हणून सांगतो, ज्याला सोफा करता येतो त्याला जगात काहीही करता येतं! चार पाय, पोटात भरण, वरून कातडं. अस्वल म्हणजे तरी दुसरं काय असतं?

हे मी संग्रहालयाच्या बाईंना फोनवर ऐकवलं आणि त्यांना ते चक्क पटलं. त्यांच्या नव्या दालनात काळं अस्वल हवं होतं.

"हुबेहूब हवं हं! पूर्ण वाढलेला नर. सहा फूट, दीडशे किलो."

"बाई, काळजीच सोडा. एक इंच, एक किलो इकडचा तिकडे होणार नाही!"

दुकानात उघड्या पोटाच्या खुर्च्यांनी जागा अडवली होती, म्हणून काम घरी, पुढच्या खोलीत काढलं. लाकडी सांगाडा ठोकला. आता कपाट सहा फूट म्हणजे उंची सहा फूट. माणूस सहा फूट म्हणजे उंचीच. मग अस्वलाने काय पाप केलंय? जमिनीपासून पाठीपर्यंत सहा फूट मोजले आणि त्या हिशोबाने पुढे डोकं, मागे ढुंगण चढवलं. नाक खिडकीच्या गजांना टेकलं, ढुंगण थेट सासूबाईंच्या खोलीच्या दाराजवळ गेलं.

"अहो," बायको सांगाड्याखालून वाकून जात म्हणाली, "हे जरा जास्तच मोठं नाही का होत?"

"तू अस्वल पाहिलंयस?"

"नाही."

"मग!"

"तुम्ही पाहिलंय?"

मी तिला कात्री शोधून द्यायला सांगितलं.

काळी लोकर चढली, काचेचे डोळे बसले. अगदी जिवंत! फक्त वजन कमी पडत होतं. लाकूड, फोम, कापड सगळं धरून जेमतेम साठ किलो. गिऱ्हाइकाला शब्द दिलाय आणि नव्वद किलो मारायचे? छे! मेहुण्याला फोन केला. तो बांधकामावर मुकादम आहे. तो वाळूच्या पिशव्या घेऊन आला आणि आम्ही त्या अस्वलाच्या पोटात एकेक करून कोंबल्या.

शेवटची पिशवी आत गेली. अस्वलाने "कर्रर्र" केलं. मागचे पाय फाकले आणि स्वारी खाली बसली. सासूबाईंच्या दाराला पाठ लावून!

दार बाहेर उघडणारं. आत सासूबाई.

"जावईबापू, दार उघडेना!"

"आई, जरा थांबा. अस्वल बसलंय."

"मग उठवा त्याला!"

"उठत नाहीये!"

"अहो, पण मला संडासला जायचंय!"

मी आणि मेहुण्याने जोर लावला. अस्वल हललं नाही, माझ्या कमरेत मात्र काहीतरी हललं. बायको म्हणाली, "पोट फाडा आणि वाळू काढा." मी म्हटलं, "वजनाचा शब्द दिलाय!" आतून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मी जास्त वेळ शब्द देऊ शकत नाही!"

आमच्या घराच्या भिंती पातळ. शेजाऱ्यांनी एवढंच ऐकलं की घरात अस्वल बसलंय, उठत नाहीये आणि म्हातारी आत अडकलीय. त्यांनी अग्निशमन दलाला बोलावलं!

शिट्ट्या, घंटा, जिन्यात बुटांचा धडधडाट. दलाच्या साहेबांनी दार किलकिलं करून आत डोकावलं आणि तितक्याच हळू परत लोटलं.

"वजन किती असेल?" दाराआडून घोगरा आवाज आला.

"दीडशे किलो!" मी अभिमानाने सांगितलं.

"एवढ्या आकाराला फक्त दीडशे? आजारी आहे का?"

तेवढ्यात संग्रहालयाच्या बाई धापा टाकत वर आल्या. माझ्या बायकोने फोन केला होता. त्यांनी अस्वलाकडे पाहिलं, मग मान वर करून पुन्हा पाहिलं.

"हे... हे काय आहे?"

"तुमचं अस्वल. सहा फूट!"

"अहो, नाकापासून शेपटीपर्यंत सहा फूट! खांद्याशी ते तुमच्या कमरेइतकं असतं!"

"आणि दीडशे किलो?"

"ते भिंतीवरच्या पाटीसाठी सांगितलं होतं!"

मग आतून सासूबाईंनी अशी हाक मारली की साहेबांनी स्वतः पुढे होऊन पोटाची शिवण उसवली. पिशव्या फुटून वाळू घरभर झाली. अस्वल हलकं झालं, आम्ही सगळ्यांनी मिळून ते पुढे सरकवलं आणि सासूबाई धनुष्यातून सुटलेल्या बाणासारख्या आमच्यामधून निघून गेल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बायकोमार्फत बोलतात.

अस्वल काही दारातून बाहेर जाईना. खिडकी चौकटीसकट काढावी लागली. दोरांनी बांधून त्याला खाली सोडलं, तेव्हा सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती.

बाई मनाने मोठ्या. त्यांनी अस्वल नाकारलं नाही. फक्त ते संग्रहालयाच्याही दारातून आत जाईना, म्हणून फाटकापाशी छपराखाली उभं केलंय. मुलं त्याच्यासोबत फोटो काढतात. खाली छान पितळी पाटी आहे: 'काळे अस्वल. प्रत्यक्षात याच्या निम्मेसुद्धा नसते.'

आणि त्याखाली, दुप्पट मोठ्या अक्षरांत, माझं पूर्ण नाव आणि दुकानाचा पत्ता!