दारात अडकलेला बूट

सिद्रामप्पाची लोखंडी खोली सकाळीच मोहोळजवळच्या रसायन कारखान्यात क्रेनने उतरली होती. शेजारी स्फोट झाला तरी आतल्या माणसाला ओरखडा येऊ नये, अशी ती भाड्यानं द्यायची खोली. भोंगा वाजला की कामगारांनी आत धावायचं आणि साठ सेकंदांत दार बंद करायचं. दुपारच्या तालमीत हे जमलं, तरच वर्षभराचा करार. या एका खोलीसाठी सिद्रामप्पाने चांगली नोकरी सोडली होती.

आणि पूजेसाठी तो आईला घेऊन आला होता.

जगदेवीअव्वांचा संसार सोलापुरात गिरणीच्या भोंग्यावर चालला होता. तिथे नवं यंत्र आलं की आधी कापूर, मग काम.

"अव्वा, नुसता नारळ वाढव. काडी ओढायची न्हाय हितं."

"काडेपेटी गेटावरच्या पोरीनं काढून घेतली की!"

कमरेच्या चंचीत दुसरी होती. पण तिच्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

सिद्रामप्पा सुरक्षा अधिकारी ज्ञानदा मॅडमना बोलवायला दहा पावलं गेला असेल नसेल, तोच भोंगा कोकलला. अव्वांनी पेटवलेल्या कापराचा धूर खोलीच्या छताला बसवलेल्या धूर ओळखणाऱ्या यंत्राला लागला होता. तालीम तर दुपारी. म्हणजे हे खरंच! चाळीस माणसं जीव घेऊन धावत आली. सिद्रामप्पाही मागे फिरला.

दारात हळदकुंकू पाहून सर्वांत पुढचा, येडू नावाचा फिटर थबकला आणि वाकून बुटाची नाडी सोडू लागला. मागचेही वाकले.

"अरे, बूट राहू द्या! आत चला!"

"पूजा हाय की ओ, मालक."

"भोंगा वाजतोय, येडू!"

"व्हय, म्हणून तर घाई करतोय."

सर्वांत शेवटी हातात घड्याळ घेऊन ज्ञानदा मॅडम शिरल्या. "दार लावा!"

दार अर्ध्यावर येऊन अडलं. चौघांनी रेटलं. बुटांचा ढीग हलेना. तीन मिनिटं झाली. अव्वा शांतपणे खोबरं वाटत होत्या. "कापूर तर कवाच विझला. आता कशाला बोंबलतंय ते?"

सगळ्यांना सगळं कळलं. अव्वांनी मान खाली घालून काडेपेटी मॅडमच्या हातावर ठेवली. खरोखरच स्फोट व्हावा, असं सिद्रामप्पाला वाटलं. पण या खोलीत त्याचाही उपयोग नव्हता.

"मॅडम, चूक माझी. क्रेन बोलावतो, खोली परत नेतो," तो पुटपुटला आणि गुडघ्यावर बसून बूट उपसू लागला. चौकटीत रुतलेला शेवटचा बूट त्याने हिसडून काढला. बाकीच्यांहून तो बराच लहान होता.

"कुणाचा हो हा?"

चाळीस जणांनी एकमेकांचे पाय पाहिले. मग सगळ्यांची नजर एकाच जागी थांबली. ज्ञानदा मॅडमच्या एका पायात बूट होता, दुसऱ्यात नुसता मोजा.

मॅडमनी घड्याळ खिशात टाकलं आणि बूट हातात घेतला.

"तालीम दुपारीच ठरलीय ना? दुपारीच घेऊ. अव्वांना तेवढं गेटावर बसवा." मग आवाज अगदी खाली आला. "आणि सिद्रामप्पा, दारात उभे राहा. मी वाकायला लागले तर ढकला मला आत."