लोटूभाऊंची पेटी आणि उधळलेली भाऊबीज

"गाणं एकदा माझ्या कानावर पडलं, की पेटीत उतरलंच समजा!" असं लोटूभाऊ बुऱ्हाणपूरच्या अख्ख्या राजपुरा पेठेला सांगून बसले होते. दिवसा कापडाच्या पेढीवर गज आणि संध्याकाळी बाजाची पेटी, असा त्यांचा संसार.

त्या साली एका नव्या बोलपटाची रेकॉर्ड बुऱ्हाणपुरात पोचली होती. बोलपट मात्र अजून खंडव्यालाच रमला होता. त्यातलं भाऊबिजेचं गाणं बायकोकडून, मनकर्णाकडून, देवळाच्या ओसरीवर गाऊन घ्यायचं, असं लोटूभाऊंनी ठरवलं. कारणही तसंच होतं. मनकर्णाचा भाऊ निंबा दोन दिवाळ्या खकनारहून आलाच नव्हता. "तुझा आवाज म्हणजे बिनवंगणाचं गाडीचं चाक!" असं लोटूभाऊ त्याला भर पंगतीत बोलून गेले होते. औंदा तो येणार होता. त्याला गाण्यानेच खूश करायचं!

शेजारच्या रंगलालशेठचा ग्रामोफोन घरी आणला. सुई टेकली मात्र, गाणं उधळलेल्या टांग्यासारखं सुटलं! गाणारीचा आवाज तर मुंगीने पिपाणी फुंकावी तसा.

"काळी पाच!" लोटूभाऊंनी सूर धरला. "आणि लय बघ, थेट वरातीची!"

"अहो, एवढ्या वर माझा गळा जात नाही," मनकर्णा म्हणाली. "आणि शब्द तर ऐका. 'पणती विझत आली, दादा का रे येईना?' हे काय हसत म्हणायचं?"

"लाडात विचारते आहे ती! तू गा."

बिचारी गात राहिली. घसा बसला, तरी ज्येष्ठमध चघळून पुन्हा गायली. भाऊ येणार होता ना!

भाऊबिजेला ओसरी गच्च भरली. निंबा आला, पण खांबाला टेकून, तोंड फिरवून बसला. लोटूभाऊंनी भाता हाणला. पोरं नाचायला लागली, टाळ्यांचा कडकडाट! अंतऱ्याला मनकर्णाचा आवाज वर चढला आणि तिथेच टरकन फाटला.

नुकत्याच खंडव्याला बोलपट बघून आलेल्या मथुराबाई ताडकन उठल्या. "मेल्या लोटू! या गाण्याला मी पदर भिजवून आले रे! भाऊ येत नाही म्हणून रडते ती. किती हळू म्हणते! अन् तू पोरं नाचवतोस?"

"रेकॉर्डवर असंच आहे!" लोटूभाऊ ओरडले.

रंगलालशेठनी कपाळावर हात मारला. "अरे भाई, वेगाचा काटा तो पूरा आगे होता! मागे घ्या, हे सांगायचंच राहिलं. तबकडी जोरात फिरली, तर लय पण चढणार अन् सूर पण!"

ओसरी हसून लोळली. मनकर्णाचे डोळे भरले. हसत नव्हता तो एकटा निंबा. त्याने आता तोंड इकडे वळवलं होतं.

"म्हण ना बाई," तो बहिणीला हळूच म्हणाला. "तुले जमंल तसं म्हण."

तिने डोळे मिटले आणि आपल्या सुरात, खाली, संथ सुरुवात केली. लोटूभाऊ पट्ट्या चाचपू लागले. सूर सापडेपर्यंत ती पुढे गेलेली. सापडला, तर बोटं वरातीतच धावणार! शेवटी त्यांनी गुपचूप भाता बंद केला. 'दादा का रे येईना' म्हणताना तिचा आवाज कापला आणि निंबाने उपरण्यात तोंड लपवलं. मघा हसणारी ओसरी नाक ओढत होती.

ओवाळून झाल्यावर निंबा लोटूभाऊंजवळ येऊन बसला. त्यांची मान काही वर होईना.

"दाजी, पेटी आज लई चांगली वाजवली तुम्ही."

लोटूभाऊ उजळले. "खरंच? कुठल्या कडव्याला रे?"

"बंद केली ना, त्या!"