अंदाज घेणारा बाण

"ओरडलं तर परत देऊन टाका. गप राहिलं तर ठेवा."

भिंतीपलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. वाकून पाहिलं. शेजारच्या अंगणात सर्जेराव काकांनी एक पिल्लू मानगुटीला धरून उचललं होतं, आणि समोर कॉलनीतलं एक जोडपं दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखं उभं होतं. पिल्लू ओरडलं नाही. त्याने काकांच्या सदऱ्यावर शू केली.

"हिंमत हाय," काका म्हणाले. "ठेवा."

काका मूळचे कर्जतकडचे. पाटबंधारे खात्यात नोकरी केली, जन्मभर कालव्याचं पाणी मोजलं, आणि निवृत्त होऊन शहरात, सावेडीत आमच्या शेजारी राहायला आल्यापासून ते कुत्री जोखतात. कुत्रं शिकारीचं आहे की नाही, हे ते सांगतात. सावेडीत शिकार कसली करणार, असं त्यांना कुणी विचारत नाही. एका सरांनी एकदा विचारलं होतं. "शिकार करायचीच न्हाई, कायद्यानं बंदी हाय. पन अंगात पायजे," असं उत्तर मिळालं. सरांनी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात ते स्वतःचं कुत्रं घेऊन आले.

परीक्षा ठरलेली असते. आधी मानगूट. मग जबडा उघडून टाळू बघायची. काळी टाळू म्हणजे जातिवंत, गुलाबी म्हणजे मवाळ. मग नखं. मागच्या पायांना जादा नखं असली की काकांचा आवाज बदलतो, "वीसनखी हाय!" शेवटी पाठीमागे स्टीलचं ताट आपटायचं. पळालं तर नापास, वळून बघितलं तर पास. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंच्या सोनेरी केसांच्या कुत्र्याने ताटावर जाऊन झोप काढली. "ह्यो गालिचा हाय," काका म्हणाले. "झाडा आन् आंथरा." एका चपट्या नाकाच्या पग कुत्र्याला तर त्यांनी हातही लावला नाही. "आधी नाक आना, मग बघू."

माणसांनाही ते हीच मोजपट्टी लावतात. मला बघायला एक मुलगा आला होता, तेव्हा काका पेपर मागायच्या निमित्ताने येऊन बसले. मंडळी गेल्यावर आईने मत विचारलं. "पोरगं बरंय," काका गंभीरपणे म्हणाले, "हसताना टाळू बघितली. गुलाबी हाय." ते स्थळ पुढे सरकलं नाही. आईने काकांशी महिनाभर अबोला धरला. मी त्यांना मनातल्या मनात धन्यवाद दिले. मनातल्या मनात, कारण मी बहुतेक गोष्टी तिथेच बोलते.

काकांचा स्वतःचा कुत्रा म्हणजे बाण. कारवानी जातीचा, लांब पायांचा, पोट आत गेलेला. काळी टाळू, वीस नखं, सगळं तपासून आणलेला. "लाखात एक," काका सांगायचे. आणि तो लाखातला एक कुकरच्या शिट्टीला दचकायचा, मांजर आलं की वाट द्यायचा, आणि कचऱ्याची घंटागाडी आली की शालनकाकूंच्या पदराखाली शिरायचा.

"भ्यालाय तो," काकू म्हणायच्या.

"भ्याला न्हाई. अंदाज घेतोय."

हे काकांचं पेटंट वाक्य. बाण मांजराकडे बघत बसला, अंदाज घेतोय. बाण खड्ड्यात पडला, अंदाज घेतोय. काकूंनी एकदा विचारलंही, "अहो, हा अंदाज संपणार कधी?"

एका सकाळी काका फाटकाशी आले. "तुजी स्कूटी मोकळीच असती ना गं?"

मी मान हलवली.

"मग चल. तुला घ्यायचं कारन काय, तू बोलत न्हाईस. शिकारीला गप मानूस लागतं. गुन हाय तुज्यात."

इंग्रजी शाळेत असल्यापासून सगळे मला 'जरा बोल गं' एवढंच सांगत आलेत. माझ्या गप्प बसण्याला गुण म्हणणारं पहिलं माणूस हेच. मी चप्पल घातली.

गल्लीमागच्या मोकळ्या प्लॉटवर तालीम सुरू झाली. काकांची जुनी माकडटोपी रात्रभर मटणाच्या पिशवीत मुरवलेली. ती लांब सुतळीने माझ्या स्कूटीच्या मागे बांधायची. मी पळवायची आणि बाणाने धरायची. टोपी म्हणजे ससा. पहिल्या दिवशी मी बाणाला सवयीने "सिट" म्हणाले, तर काका रागावले. "इंग्रजीत सांगितलं की कुत्रं इच्यारात पडतं." फिरायला आलेली माणसं थांबून बघू लागली. ओढणीत तोंड लपवून मी एका माकडटोपीला सावेडी दाखवत होते.

"आता ती टोपी घालून तुम्हीच पळा पुढं," काकू भिंतीवरून ओरडल्या. "म्हणजे तरी धरील!"

कारण बाण धरत नव्हता. सुटायचा मात्र असा, की नाव सार्थ व्हायचं. टोपीपासून हातभर राहिला की गचकन थांबायचा आणि बसायचा. बघे हसायचे. "अंदाज घेतोय," काका सांगायचे.

पण माझी पाठ त्यांच्याकडे असली तरी स्कूटीला आरसा होता. बघ्यांचं लक्ष बाणाकडे, माझं आरशात. बाण टोपीच्या जवळ आला की काका टाळूला जीभ लावून एकच आवाज काढायचे, च्चक्. त्या आवाजाला बाण थांबायचा. रोज. कितीही वेगात असला तरी. सगळ्या गल्लीला वाटत होतं काका कुत्र्याला धरायला शिकवतायत. ते थांबायला शिकवत होते. का, ते मला कळेना. विचारलं नाही. विचारायला बोलावं लागतं.

जानेवारीत काकांनी मला आणि आईला कर्जतजवळ पुतण्याच्या वस्तीवर हुरड्याला नेलं. बाण गाडीत मागे, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. वाटेत काकूंनी खरं काय ते सांगितलं. संपत, म्हणजे पुतण्या, फोनवर म्हणाला होता की शहरातलं कुत्रं म्हणजे नुसती शोभा. तेव्हा काकांनी सगळ्या भावकीच्या देखत, स्पीकर चालू असताना शब्द दिला होता. बाणाने ससा पार पिटाळला नाही, तर त्याला वस्तीवरच सोडून जाईन.

"आणि भावकीत दिलेला शब्द ह्यांनी कधी मोडलाय?" काकू म्हणाल्या. मग मागे वळून बाणाकडे बघितलं. वस्तीवरची कुत्री आखूड साखळीला असतात, अर्धपोटी. शिकारी कुत्र्याला पोटभर घालू नये, हे काकाच सगळ्यांना सांगतात. बाणाला मात्र ते संध्याकाळी मागच्या दाराशी तूप लावलेली पोळी भरवतात. आमच्या गच्चीतून सगळं दिसतं.

वस्तीवर उतरल्या उतरल्या काकांनी विचारलं, "संपत, हिरीला कठडा बांधला का रं?"

"बांधू की तात्या. औंदा बांधतोच."

"दरसाल हेच," काकू आईला म्हणाल्या. आम्ही आगटीभोवती बसलो होतो, हातावर गरम हुरडा होता. "ह्यांचा लहानपणचा कुत्रा, पवळ्या. ह्यांनीच सशामागं सोडला. ज्वारीतून ससा वळला, पवळ्या नाही वळला. सरळ विहिरीत. तीच ही विहीर." त्यांनी हुरड्यावर चटणी घातली. "जेवले नव्हते म्हणे कितीतरी दिवस. मला लग्नानंतर दहा वर्षांनी सांगितलं, तेही पाटाच्या पाण्याबद्दल बोलता बोलता."

मी त्या बिनकठड्याच्या विहिरीकडे पाहिलं.

तेवढ्यात बांधावरून आरोळी आली, "उठला! ससा उठला!"

काकांनी पट्टा सोडला. बाण निघाला. तसं पळणं मी सावेडीत कधी पाहिलं नव्हतं. तिथे एवढी जागाच नव्हती. भावकीतली माणसं ओरडत उभी राहिली. ससा पुढे, बाण मागे, अंतर कमी होत चाललेलं. आणि ससा ज्वारीत शिरून विहिरीच्या अंगाला वळला.

च्चक्.

बाण थांबला. बसला. ससा गेला.

वस्तीवर असं हसू फुटलं की गोठ्यातल्या म्हशी माना वळवून बघू लागल्या.

"तात्या, कुत्रं हाय का पाव्हनं?"

"थकलं आसंल. च्या पाजा त्याला!"

काका हसले नाहीत, आणि अंदाज घेतोय असंही म्हणाले नाहीत. बाण धावत त्यांच्याकडे आला, काम चोख केल्यासारखी शेपटी हलवत. कोणी शाबासकी दिली नाही.

"तात्या, शब्द दिल्ता तुमी," संपत म्हणाला. तो वाईट माणूस नाही, त्याच्या मक्यात रानडुकरं येतात आणि त्याला पळणारं कुत्रं हवंय. "ठिवून जावा. चार दिस उपाशी बांधतो, आपोआप पाठ धरंल. तुमीच सांगता की न्हाई?"

"व्हय," काका म्हणाले. "मीच सांगतो."

त्यांनी खाली वाकून पट्टा उचलला आणि संपतच्या हातात द्यायला पुढे केला. द्यायला, पण मूठ उघडेना. संपतने एक टोक धरलं, दुसरं काकांच्या मुठीत. काकू आगटीत काडी घालत बसल्या. काका बाणाकडे बघत नव्हते, विहिरीकडे बघत होते. बाण मात्र माझ्याकडे बघत होता.

मी उठले. हातातला हुरडा खाली सांडला.

"बाण माझा आहे," मी म्हणाले.

सगळे वळले. आईसुद्धा. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"काकांनी दुसऱ्याच्या कुत्र्यावर शब्द दिला. तो कसा चालेल?"

भावकीत कुजबुज झाली. एक म्हातारे म्हणाले, "पोरीचं खरंय. दुसऱ्याच्या जनावरावर शब्द चालत न्हाई." संपतने पट्ट्याचं टोक सोडलं, पण त्याला पटलं नव्हतं.

"तुमचा हाय? मग ताई, पाठ धरायची न्हवती तर एवढ्या लांब कशाला आनला त्याला?"

मी काकांच्या हातून पट्टा घेतला. मूठ लगेच उघडली.

"अंदाज घ्यायला," मी म्हणाले.