साक्रीची जागा

प्रेमराज सरांनी मतपत्रिकेची घडी खोक्यात टाकली, मग नूर महंमद सरांनी टाकली, आणि साक्री केंद्राचं मतदान शंभर टक्के पूर्ण झालं.

तापीतीर विद्यापीठाची जळगाव, धुळे आणि साक्री अशी तीन केंद्रं. तिन्हींचा कारभार सर्वांनी मिळून ठरवावा म्हणून यंदा संयुक्त शिक्षक परिषद निघाली होती. प्रत्येक केंद्राने एक प्रतिनिधी निवडून द्यायचा होता. साक्रीत कायम प्राध्यापक दोनच, इतिहासाचे प्रेमराज सर आणि रसायनशास्त्राचे नूर महंमद सर. बाकीचे तासिका तत्त्वावर, त्यांना मत नव्हतं. पेपर तपासायला दर परीक्षेला एसटीत हाडं खिळखिळी करत जळगाव गाठावं लागे. ते थांबवायचं, तर परिषदेत साक्रीचं माणूस हवंच होतं.

खोकं उघडलं. दोघांनी एकमेकांना मत दिलं होतं. एक-एक.

"परत घ्या," जळगावहून निवडणूक अधिकारी मेघा मॅडम फोनवर म्हणाल्या. "शुक्रवारी पाचपर्यंत नाव आलं नाही, तर तुमची जागा रिकामी राहील."

"सर, या खेपेला तुम्ही स्वतःलाच मत द्या," नूर महंमद सर म्हणाले.

"छे, छे! तुम्ही द्या स्वतःला. मी सांगतो ना!"

दोघांनीही एकमेकांचं ऐकलं. पुन्हा एक-एक.

आग्रह आपणच केला होता, हे प्रेमराज सरांना आठवत होतं. पण भल्या माणसाने तो इतक्या लगेच मानावा? नूर महंमद सरांनाही तेच वाटत असावं. दोन दिवस दोघं एकाच खोलीत एकमेकांकडे पाठ करून बसले.

शुक्रवारी सकाळी मेघा मॅडमचा फोन आला. "अहो, नियमात ग्रंथपालही शिक्षकांतच मोडतात. तुमच्याकडे ग्रंथपाल आहेत ना?"

होत्या. शेवंताबाई बावीस वर्षांपासून होत्या. कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

प्रेमराज सर धावत ग्रंथालयात गेले, तर नूर महंमद सर आधीच तिथे कपाटावरची धूळ झटकत होते. प्रेमराज सरांनी घाईघाईने खाली पडलेली वर्तमानपत्रं गोळा करायला घेतली.

शेवंताबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "बठ्ठं, सगळं समजनं माले. तीन वाजता खोकं लई या."

तीन वाजता प्रेमराज सरांचं पेन हातात अडलं. आपण निवडून आलो, तर नूर महंमद पुन्हा कधी धड बोलणार नाहीत. ते आले, तर आपल्याला पचणार नाही. त्यांनी तिसरंच नाव लिहिलं.

पहिली चिठ्ठी उघडली. शेवंताबाई. दुसरी, शेवंताबाई. प्रेमराज सरांनी चमकून पाहिलं. नूर महंमद सर ओठ दाबून हसू आवरत होते. तिसरी चिठ्ठीही शेवंताबाई.

"बाई, हे तिसरं मत तुमचं?"

"मंग! तुम्हना दोन्हीसना काय भरवसा?"

दोघं इतके हसले, की मेघा मॅडमना नाव तीनदा सांगावं लागलं.

सोमवारी नव्या प्रतिनिधींनी दोघांकडून केंद्राच्या मागण्या लिहून मागवल्या. वाचल्या. लाल पेनाने सतरा ठिकाणी रेघा मारल्या.

"शुद्धलेखन सुधारा. जळगावच्या लोकांसमोर माले लाज नको."

दोन्ही प्राध्यापक ग्रंथालयातल्या एका बाकावर कोपराला कोपर लावून लिहायला बसले.

"'मूल्यमापन'चा मू कोणता हो?" प्रेमराज सरांनी हळूच विचारलं.

नूर महंमद सरांनी आपला कागद हाताने झाकून घेतला.